गव्यावरचा पहिला भंडारा

चिखली

मी चाकणला गेले ती एका गव्याला भूल द्यायला. लग्नाला किंवा देवाला गेले असते तर येऊन चार गोष्टी हसतखेळत सांगितल्या असत्या. परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय मग डॉक्टरीणबाई, कसा झाला दौरा?" आणि मी "बरा झाला" म्हणून विषय बदलते. बरा झाला नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमच्या राधानगरीकडं गव्याचं कुणाला अप्रूप नाही. तो उसात शिरतो, भात तुडवतो आणि मनात आलं तर रस्त्यात उभा राहतो. मग एसटी थांबते, ड्रायव्हर इंजिन बंद करतो, कंडक्टर पैसे मोजत बसतो आणि गवा त्याच्या सवडीनं निघून जातो. मी गुरांची डॉक्टर. जंगलाच्या कडेला नोकरी झाली, त्यामुळं विहिरीत पडलेल्या, वस्तीत घुसलेल्या गव्यांना भूल देण्याचं काम अंगावर पडलं आणि पुढं ते माझंच होऊन बसलं. तिकडचे वनपाल पवार यांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला होता. "मॅडम, भीमाशंकरच्या अंगानं एक गवा खाली उतरलाय. कंपन्यांच्या भिंतींमधे अडकलाय. इथं एवढ्या मोठ्या जनावराला भूल दिलेला कुणी नाही."

वाटेतलं काही सांगत नाही. पोचायला संध्याकाळ झाली. अंधारात गव्याच्या वाटेला जायचं नसतं, त्यामुळं रात्रीपुरती चिखलीला मावसबहिणीकडं उतरले. सुनंदा लग्न होऊन आली तेव्हा दापोडीत रुळालगत एका खोलीत राहायची. आता चिखलीत दोन खोल्या आहेत. खाली वर्कशॉप, वर बिऱ्हाडं, अशी ती इमारत. जिन्यात लोखंडाचा भुगा चपलेला चिकटतो आणि पाण्याच्या घोटालाही ऑइलचा वास येतो. आमच्याकडं संध्याकाळी रातकिडे सुरू होतात, तिथं प्रेस मशिनी. सुनंदाला त्याचं काही वाटत नाही. उलट म्हणाली, "रविवारी बंद असत्यात, तवा मला झोप लागंना झालीया."

तिनं तांबडा रस्सा केला होता, अगदी घरच्यासारखा. जेवताना तिनं विचारलं, "तो गवा हितं काय करायला आला असंल गं?"

मी म्हटलं, "तू काय करायला आलीस?"

"पोटाला," ती म्हणाली, आणि वाढायला उठली. 

कुंपणापाशी

सकाळी पवारांनी मला ज्या कंपनीच्या गेटवर नेलं तिथं पहिला अडसर माझ्या पायांनी घातला. गेटवरचा सिक्युरिटीवाला नांदेडकडचा होता, बोलायला गोड आणि नियमाला कडक. "मॅडम, सेफ्टी शूज नाहीत तर आत जाता येत नाही बघा."

"अहो, मी मशिनीवर चढायला नाही आले. भिंतीपलीकडं गवा आहे, तो आतून बघायचाय."

"ते खरं हाय हो. पण चपलेवर नाही सोडता येत."

शेवटी कुणाचे तरी जोडे मिळाले. दोन पावलं माझी आणि तिसरं जोड्याचं, असं चालत मी ती लांबलचक शेड ओलांडली. आत सोडताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर सिक्युरिटीवाल्यानं चिकटपट्टी लावली, तेवढं मात्र मला फार आवडलं. असली पट्टी बाहेरच्या गर्दीला लावता आली असती, तर हे लिहायची वेळ आली नसती.

शेडच्या मागच्या भिंतीवरून गवा दिसला. जवान नर, खांदा माझ्या डोक्याच्या वर, गुडघ्याखाली मोजे घातल्यासारखे पांढरे पाय. दोन कंपन्यांच्या भिंतींमधे ज्वारीचा एक तुकडा उभा राहिलेला होता, त्यात तो शिरला होता. उघड्या बाजूला रस्ता, आणि रस्त्यावर माणूसच माणूस. रात्रपाळी सुटलेले घरी गेले नव्हते, दिवसपाळीचे कामावर गेले नव्हते. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी दगड टाकून त्याला "उठवत" होतं, कारण बसलेला गवा व्हिडिओत नीट येत नाही. पहाटेपासून त्याला त्यांनी एवढ्याशा जागेत इकडून तिकडं पळवला होता. तोंडाला फेस, पोटाचा भाता चाललेला, मागचा पाय थरथरतोय.

माझं डोकं फिरलं. पण डोकं फिरवून भागत नाही. इथं थोडं समजावून सांगते. गवा आडदांड दिसतो, पण भीतीनं तो आतून मोडतो. फार पळाला की स्नायू आतल्या आत फुटायला लागतात, त्यांचं विष रक्तात उतरतं, आणि वरून धडधाकट दिसणारं जनावर काही तासांनी किंवा दोन दिवसांनी उभ्या उभ्या मरतं. तापलेल्या, धापा टाकणाऱ्या अंगात भूल टोचली तर त्याच वेळी मरतं. त्याला आधी थंड होऊ द्यायचं, पाणी पिऊ द्यायचं, आणि मुख्य म्हणजे शांतता द्यायची. भूल हे शेवटचं आणि सोपं काम असतं.

मी पवारांना सांगितलं, "आज नाही. उद्या उजाडताना. तोवर इथं एक माणूस दिसता कामा नये आणि आवाज होता कामा नये."

पवार रस्त्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, माझं कोण ऐकणार? ऐकलं तर एका माणसाचं ऐकतील. हे रान ज्याचंय त्याचं."

तात्यांचा गोठा

ते रान ज्ञानोबा तात्यांचं. जुन्या गावातलं शेतकरी घर. बाकीची जमीन कंपन्यांत गेली, मुलगा विशाल त्यातल्याच एका कंपनीत लागला, आणि भिंतींमधला तो तुकडा तात्यांनी कुणी कितीही सांगितलं तरी दिला नाही. कशासाठी, तर बैलांच्या वैरणीसाठी. शेतीचे बैल नव्हेत, शर्यतीचे. त्या भागात बैलगाडा शर्यतीचं वेड किती आहे ते आम्हा कोल्हापूरकडच्यांना सांगून कळायचं नाही. आमच्याकडं घरात पैलवान पोसतात, तसे ते बैल पोसतात. तात्यांच्या गोठ्यात पंखा होता, आणि घरात ते स्वतः उकाड्यात बसले होते.

मी सगळं सांगितलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी त्याला गप्प बसू दिलं तर तो जगंल?"

"जगायची आशा आहे. नाहीतर नाही."

"मंग बसू द्या की. आमच्या रानात आलाय, आमचा पावना हाय." उठून त्यांनी टोपी घातली आणि विशालला म्हणाले, "चल रं."

पुढं जे झालं ते मी पोलीस बंदोबस्तातही कधी बघितलेलं नाही. हा वाळका म्हातारा रस्त्यावर उभा राहिला आणि नुसतं एवढं म्हणाला, "राव, माझा बैल आजारी असता तर तुमी दगडं मारली असती का?" माणसं मागं सरली. ज्यांचे बैल होते ती आधी सरली आणि बाकीचे त्यांच्या मागं. कंपनीच्या साहेबाकडं जाऊन तात्यांनी सांगितलं, की उद्या सकाळपर्यंत पाळीचा भोंगा वाजवू नका. साहेब परप्रांतातला होता, तरी त्यानं ऐकलं. दुपारनंतर त्या रस्त्यावर मला पाखरांचा आवाज ऐकू आला. पवारांनी पाण्याची टाकी हळूच भिंतीशी सरकवून ठेवली आणि तिन्हीसांजेला गवा पाणी प्यायला. विशालनं ते पत्र्याच्या फटीतून बघितलं आणि पळत सांगायला आला. तात्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी तात्यांकडं जेवायला मासवड्या होत्या. नाव ऐकून मी मासळीची वाट बघत बसले आणि ताटात आल्या बेसनाच्या, आत तीळ-खोबरं-लसूण ठेचलेलं सारण, वर झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. सगळे मला हसले. एवढ्या सुखानं मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते.

जेवणाआधी तात्यांनी बैलांना भंडारा लावला. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. तात्यांच्या कमरेला तिची पिशवी कायम असायची. शेजारपाजारचे चार-पाच जण आले होते आणि गंमत म्हणजे प्रत्येकाच्या मुठीत भंडारा असूनही सगळे थांबून राहिले होते. तात्यांनी बैलाच्या कपाळाला बोट लावलं, मगच बाकीच्यांनी पाठीवर उधळला.

मी विचारलं तेव्हा विशालनं सांगितलं, "घाटावर, म्हंजी शर्यतीच्या जागी, असंच असतं मॅडम. गाडा पहिला आला ना, की पहिला भंडारा मालकाचा. मालकाचा हात लागल्याबिगर कुणी मूठ सोडत नाय. आणि मालकाचा हात लागला, की मग कुणाच्या बापाचं ऐकत नाय."

मला ते आवडलं. आमच्याकडं गुलाल उधळायला कुणी कुणाची वाट बघत नाही. जरा शिस्त आहे, असंही मी म्हणाले.

ज्वारीचा तुकडा

उजाडताना गवा बसलेला होता आणि रवंथ करत होता. रवंथ करणारं जनावर बघितलं की गुरांच्या डॉक्टराला अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. मी भिंतीच्या आडून ज्वारीच्या कडेला गेले आणि भुलीचा डार्ट सोडला. तो मांडीत बसला. गवा दचकून उठला, चार पावलं चालला आणि थांबला. पळाला नाही, कारण पळवायला कुणी नव्हतं. मग कोंबडा पाय उचलतो तसे पाय उचलत गोल गोल फिरला, मान खाली गेली आणि सावकाश खाली बसला. मी मनातल्या मनात तात्यांच्या पाया पडले.

अजून वाट बघून मागच्या बाजूनं जवळ गेले. कान हलवून बघितला. हालचाल नाही. कानांत कापूस घातला, डोळ्यांवर काळं फडकं बांधलं. भुलीतलं जनावर डोळे मिटत नाही, म्हणून ते बांधावं लागतं. त्याला छातीवर नीट बसवलं, दोन्ही अंगांना कडब्याच्या पेंढ्या लावल्या, मान उंच ठेवून नाकाडाचा उतार खाली केला, म्हणजे लाळ बाहेर गळते. पिंजऱ्याचा ट्रक मागं येऊन लागला. दोरापलीकडं गावातली माणसं उभी होती, ओढायला लागणार म्हणून मीच बोलावलेली. आदल्या संध्याकाळी त्यांना सगळं बजावलं होतं: बोलायचं नाही, हात लावायचा नाही, तोंडात पाणी घालायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. त्यांनी सगळं पाळलं. अनवाणी उभे होते बिचारे, पावलांचा आवाज नको म्हणून.

मी शेपटीकडं जाऊन ताप बघत होते. अंग अजून तापलेलंच होतं. पवारांना मी पाणी मारायला सांगितलं आणि मान वर केली, तर तात्या दोर ओलांडून गव्याच्या तोंडाशी पोचले होते.

त्यांनी काही वावगं केलं नाही. वाकले, चिमूटभर भंडारा गव्याच्या कपाळावर टेकवला, आणि हात जोडले. पावण्याची पाठवणी करत होते.

पण पहिला हात लागला होता. दोरापलीकडच्या सगळ्या मुठी एकदम उघडल्या. मला त्या मुठींत काय आहे ते तोवर दिसलंही नव्हतं. पिवळा लोटच्या लोट उठला, गव्याच्या तोंडावर, नाकाडावर, माझ्या अंगावर. आणि इतका वेळ कोंडलेला आवाज कुणाच्या तरी गळ्यातून सुटला, घाटावर गाडा सुटताना निघतो तसा, "भिर्रर्र!" मग सगळ्यांच्याच.

कानातला कापूस असल्या आवाजाला पुरत नाही. गवा भुलीतच दचकला आणि त्यानं मोठा श्वास आत ओढला. भुलीत जनावराला नीट खोकता येत नाही. आत गेलेलं आतच राहतं. त्याच्या घशातून घरघर ऐकू आली आणि मी जी ओरडले, ती कुणाला काय बोलले मला आठवत नाही. विशाल सांगतो की मी तात्यांना ढकललं. ढकललंही असेन.

एका क्षणात सगळे पुन्हा गप्प झाले. कुणी वाईट हेतूनं केलं नव्हतं आणि ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं, त्यामुळं मला रागही नीट येईना. ओल्या फडक्यानं नाकपुड्या पुसल्या, पुसत राहिले. ताडपत्रीवर घेऊन माणसांनी त्याला पिंजऱ्यात ओढला, ते मात्र फार जपून आणि सफाईनं. भुलीचा उतारा टोचला. थोड्या वेळानं गवा पिंजऱ्यात उभा राहिला, पिवळं तोंड घेऊन. माणसांना हायसं वाटलं. एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जा रं बाबा, सुखानं जा." तात्या लांब भिंतीशी उभे होते. ते जवळ आले नाहीत.

ट्रक डोंगराच्या पायथ्याला लागला तेव्हा झाडी दिसत होती. तिथं गवा पुढच्या गुडघ्यांवर आला. आम्ही ट्रक थांबवला, दार उघडलं, पाणी मारलं, सलाइन लावलं. त्यानं एकदा जंगलाच्या बाजूला तोंड केलं, असं पवार म्हणतात. मला तसं काही दिसलं नाही. मला फक्त त्याची बरगडी दिसत होती, आणि ती हलायची थांबली.

परतताना

मेलेल्या जनावराला उघडून बघणं हे माझ्या कामातच येतं. मांडीचे स्नायू उकडल्यासारखे पांढुरके पडले होते. म्हणजे पहिल्या दिवशी पळवलं तेव्हाच निम्मं काम झालं होतं. आणि श्वासनळी खालपर्यंत पिवळी होती. कशानं गेला ते मी कागदावर नीट लिहिलं. दोन्हींनी गेला. एकानं गेला असता का, हे मला माहीत नाही आणि कुणालाच कधी कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना वाट वाकडी करून तात्यांच्या घरी गेले. न जाताही परत आले असते, पण मग पुढं कधीच त्या बाजूला तोंड दाखवता आलं नसतं. ते गोठ्यात बसले होते. मी त्यांना ढकलल्याबद्दल काही बोलायला लागले, तर हातानंच थांबवलं.

"आत पिवळं निगालं का, मॅडम?"

मी म्हटलं, "तात्या, त्याला पहिल्याच दिवशी लोकांनी पळवून पळवून..."

"त्ये न्हाई इचारलं."

शेजारी बैल कडबा चावत होता. मी म्हटलं, "निघालं."

त्यांनी मान हलवली. "मी हात उचलला नसता तर कुणीबी मूठ सोडली नसती. तुमी समद्यांना समदं सांगितलं. ह्ये कोण सांगणार? ह्ये तर मलाच म्हाईत हुतं." मग म्हणाले, "जेवून जावा."

मी जेवले. त्या घरून न जेवता उठणं मला जमलं नसतं.

चिंचवडला स्टेशनपाशी चहाला थांबले तेव्हा माझ्या बाहीच्या शिवणीत पिवळी रेघ दिसली. झटकली, तरी गेली नाही. तो कुर्ता मी अजून धुवायला टाकलेला नाही.

त्यांच्या गावची यात्रा झाल्यावर विशालचा फोन आला. घाटावर त्यांचा गाडा पहिला आला होता. मी आनंदानं अभिनंदन करायला लागले, तर म्हणाला, "ऐका तर मॅडम. आमची बारी पळून झाली, माणसं धावत आली बैलांपाशी. समद्यांच्या मुठीत भंडारा. तात्यांच्या कमरेला पिशवी न्हवतीच. मी माझी पुढं केली, तर माझ्याकडं बघितलंबी न्हाई. बैल सोडले, कासरा धरला आणि सरळ घरला चालायला लागले."

"आणि लोक?"

"लोक काय," विशाल म्हणाला, "उभे राहिले ना तसेच. तात्या दिसायचे बंद झाले तरी कुणी मूठ उघडली न्हाई."